लहान मुलांना संगणकाशी खेळायला कसं शिकवावं: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार ते नऊ वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. संगणक हे आपलं ऐकणारं, आपण सांगू ते करून बघणारं यंत्र आहे, हे मुलाला खेळता खेळता उमगावं, इतकाच या पानाचा हेतू आहे. परीक्षा, स्पर्धा आणि करिअर यांचा विचार इथे केलेला नाही.

मुलगी चार वर्षांची आहे. फार लवकर होत नाही ना?

स्क्रीनसमोर बसवायला लवकर आहे, खेळायला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडच्या इंडियन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं असंच आहे: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाही, पाचपर्यंत जास्तीत जास्त एक तास, दहापर्यंत दोन तासांच्या आत. या वेळात टीव्ही, फोनवरचं कार्टून, सगळंच मोजायचं. म्हणजे संगणकाच्या वाट्याला उरतात पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढी पुरतात. बाकीचा खेळ जमिनीवर खेळायचा.

स्क्रीनशिवाय संगणक कसा शिकवणार?

या विषयातला सर्वांत मजेदार भाग हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिला खेळ रोबोटचा. तुम्ही रोबोट, मूल मालक. ताटात पोळी, बाजूला तुपाची वाटी, साखर आणि चमचा. मुलाने हुकूम द्यायचे आणि तूप-साखरेची गुंडाळी करून घ्यायची. रोबोटने शब्दशः ऐकायचं. मूल म्हणालं, "तूप लाव," तर वाटीलाच बाहेरून तूप लावा. "पोळीला लाव" म्हटलं तर बोटाने एका टोकाला ठिपका लावून थांबा. मूल आधी खिदळतं, मग वैतागतं आणि मग विचार करायला लागतं: चमचा उचल, चमचा वाटीत घाल, तूप घे, पोळीच्या मधोमध सोड, चमच्याच्या पाठीने गोल गोल पसरव. यंत्राला आपल्या मनातलं कळत नाही, सगळं क्रमाने आणि नेमकं सांगावं लागतं, ही प्रोग्रॅमिंगमधली सर्वांत मोठी गोष्ट मूल पोळी खाता खाता शिकतं.

दुसरा खेळ फरशीवरचा. घरात चौकोनी फरशा असतील तर तक्ता तयारच आहे. एका फरशीवर बाहुली, लांबच्या फरशीवर खाऊ, मध्ये अडथळे म्हणून उशा. हुकूम तीनच: एक घर पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. इथे मुलं हमखास एका ठिकाणी अडकतात. रोबोट त्यांच्याकडे तोंड करून उभा असला की त्याचं उजवं त्यांच्या डाव्या बाजूला येतं. रोबोटच्या उजव्या मनगटाला रुमाल बांधा आणि मुलाला त्याच्या मागे जाऊन उभं राहायला सांगा. थोडं मोठं मूल हुकूम आधी चिठ्ठ्यांवर बाणांनी काढू शकतं. मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम रोबोटच्या हातात द्यायच्या, मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. या चिठ्ठ्यांचा गठ्ठा म्हणजेच प्रोग्रॅम.

तिसरा खेळ सहा-सात वर्षांपुढचा, पत्त्यांचा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी मायकेल फेलोज आणि इयन विटन यांच्यासोबत 'अनप्लग्ड' नावाने संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे कितीतरी खेळ तयार केले. त्यांतला हा एक. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे पाच पत्ते कापा. त्यांवर अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ टिकल्या चिकटवा, एकटी टिकली उजव्या टोकाला. पत्ता एकतर उघडा किंवा पालथा, तिसरी अवस्था नाही. आता मुलाला विचारा, "पाच टिकल्या दिसायला हव्यात, कोणते पत्ते उघडशील?" चार आणि एक. "तेरा?" आठ, चार, एक. मग घरातल्या सगळ्यांच्या वाढदिवसांच्या तारखा लावून बघा. एकही अडत नाही, कारण पाच पत्त्यांची बेरीज बरोबर ३१ होते आणि महिन्यात त्याहून जास्त दिवस नसतात. बत्तीससाठी काय करायचं, हे सांगू नका. मूल स्वतःच सहावा पत्ता मागतं आणि त्यावर किती टिकल्या हव्यात तेही सांगतं. संगणक सगळे आकडे, अक्षरं आणि चित्रं अशीच उघड्या-पालथ्या खुणांमध्ये साठवतो.

स्क्रीनवर पहिलं काय उघडून द्यावं?

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती स्क्रॅच ज्युनिअर या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या ॲपला आहे. तेव्हा अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात असलेल्या मरीना बेर्स आणि तिथल्याच एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या मीडिया लॅबमधले मिचेल रेझनिक यांच्या गटांनी प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनीसोबत ते तयार केलं. २०१४ मध्ये ते आधी आयपॅडवर आलं, नंतर अँड्रॉइड टॅबलेटवर. ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं.

उघडल्यावर एक मांजर दिसते, खाली रंगीत ठोकळे. निळे ठोकळे हालचालीचे, हिरवे आवाजाचे, पिवळे सुरुवात करून देणारे. ठोकळा ओढून दुसऱ्याला चिकटवायचा, हिरवा झेंडा दाबायचा आणि मांजर चालायला लागते. ठोकळ्यांवर शब्द नाहीत, चित्रं आहेत. त्यामुळे वाचता न येणारं मूलही अडत नाही.

पहिल्या दिवशी काही समजावून सांगू नका. फक्त विचारा, "या मांजरीला त्या टोकापर्यंत नेता येईल का?" मग गप्प बसा. मूल ठोकळे दाबत सुटेल, मांजर उड्या मारेल, फुगेल, आकसेल, गायब होईल. होऊ द्या. वळण्याच्या ठोकळ्यात १२ हा आकडा घातला की मांजर पूर्ण गोल फिरते, घड्याळाच्या काट्यासारखी. हे मुलाने स्वतः शोधलं की त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

पात्रं रंगवायची सोयही आहे, आणि कॅमेऱ्याने काढलेला फोटो चित्रातल्या एखाद्या भागात भरता येतो. अंतराळवीराच्या शिरस्त्राणात स्वतःचा चेहरा बघायला मिळाला की त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही.

हालवून झालं. पुढे काय? मुलाला कंटाळा येतो.

गोष्ट हवी. ठोकळे हे साधन आहे आणि त्यातून सांगायला काहीतरी असावं लागतं. आपल्याकडे याला अगदी बेतल्यासारखी एक गोष्ट आहे, काऊ-चिऊची. स्क्रॅच ज्युनिअरमध्ये एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पानं असतात. पहिल्या पानावर काऊचं शेणाचं घर आणि चिऊचं मेणाचं घर. दुसऱ्यावर पाऊस येतो आणि काऊचं घर वाहून जातं. तिसऱ्यावर काऊ दार वाजवतो. चौथ्यावर दार उघडतं.

खरी गंमत तिसऱ्या पानावर आहे. "चिऊताई चिऊताई दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." पुन्हा "चिऊताई चिऊताई दार उघड." "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." काऊचं वाक्य तेच राहतं आणि चिऊचं दर वेळी बदलतं. तेच तेच काम पुन्हा करण्यासाठी आवर्तनाचा ठोकळा आहे. काऊचं बोलणं संपल्यावरच चिऊने बोलावं, यासाठी पाकिटाचे ठोकळे आहेत: काऊ पाकीट पाठवतो आणि ते मिळाल्यावर चिऊ सुरू होते. आधी मुलं दोघांनाही हिरव्या झेंड्यावर सुरू करतात, मग दोघं एकाच वेळी बोलतात आणि काहीच ऐकू येत नाही. तो गोंधळ झाल्यानंतरच पाकीट दाखवा. अडचण आल्यावर मिळालेली युक्ती डोक्यात राहते.

आवाज मुलाचाच ध्वनिमुद्रित करा. नातवंडं परदेशात असतील तर चिऊचा आवाज आजीने फोनवरून द्यावा. जवळ टॅबलेट धरला की तो नोंदला जातो. पुण्यातली चिऊ आणि न्यू जर्सीतला काऊ असा प्रकल्प छान जमतो, आणि नातवंडांचं मराठीही बोलतं राहतं.

आमची मुलं मराठी माध्यमात आहेत. इंग्रजीशिवाय अडेल का?

या वयात नाही. वर सांगितलेल्या कुठल्याच खेळाला इंग्रजी लागत नाही. चित्रं रंगवण्यासाठी टक्स पेंट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते मराठीतूनही वापरता येतं.

शिवाय मराठीमुळे मुलांना एक असा खेळ मिळतो जो इंग्रजीत नाही. फोनवर किंवा संगणकावर मराठी कीबोर्ड लावा आणि क टंकायला सांगा. मग हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची खूण, मग ष. तिसरं अक्षर पडताच पडद्यावर क्ष होतो. ज, हलन्त, ञ यांचा ज्ञ होतो. त, हलन्त, र मिळून त्र. आता मागे खोडायची कळ एकेकदा दाबा: क्ष चा क् होतो, मग नुसता क उरतो. जोडाक्षर आतून कसं बनलंय ते मुलाला डोळ्यांसमोर दिसतं. संगणक अक्षरं आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवतो आणि आकार मागाहून रचतो, म्हणून हे घडतं. ऱ्हस्व वेलांटीचं बघा: 'कि' टंकताना क आधी टंकायचा, वेलांटी नंतर, तरी ती जाऊन बसते क च्या आधी. दुसरी-तिसरीतल्या मुलांना रफार आणि रकार यांचा नेहमी गोंधळ होतो. 'सूर्य' आणि 'चक्र' टंकून बघायला लावा. हलन्त र च्या आधी की नंतर, एवढ्यावर सगळा फरक आहे हे त्यांना दिसतं. माझ्या मते पहिलं टंकलेखन स्वतःच्या नावापासून आणि मराठीतूनच व्हावं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला स्क्रॅच ज्युनिअर बाळबोध वाटतं. मग काय?

मग दोन वाटा. एक म्हणजे मोठं स्क्रॅच. एमआयटीने ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ते साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. ठोकळ्यांवर शब्द असतात, पण अनेक भाषांमध्ये ते मिळतं आणि संगणकावर उतरवून इंटरनेटविनाही वापरता येतं.

दुसरी वाट जुनी आहे आणि मला अतिशय प्रिय आहे: कासवाची. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइर्झाइग यांनी अमेरिकेत लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काम करत होते. लोगोचं कासव आधी जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, नंतर ते पडद्यावर आलं. त्याला 'पुढे १००' म्हटलं की ते रेघ ओढत जातं, 'उजवीकडे ९०' म्हटलं की काटकोनात वळतं. हे दोन हुकूम चार वेळा दिले की चौकोन. आज हेच कासव पायथन या भाषेत टर्टल नावाने आपोआप मिळतं, आणि स्क्रॅचमध्ये पेनाचे ठोकळे जोडून तेच करता येतं.

चौकोन झाला की त्रिकोण मागा. मूल तीन बाजू काढतं आणि वळायला ६० सांगतं, कारण कुणीतरी त्याला समभुज त्रिकोणाचा कोन ६० असतो असं सांगितलेलं असतं. त्रिकोण बंदच होत नाही. उत्तर सांगण्याऐवजी त्याला उठवा आणि म्हणा, "तूच कासव हो, चालून दाखव." टोकाशी पोचल्यावर आपल्याला किती वळावं लागतं, हे पायांना कळतं. ते ६० पेक्षा बरंच जास्त असतं, १२०. तीन वळणांचे ३६०, चौकोनाच्याही चार वळणांचे ३६०. 'पुढे १, उजवीकडे १' हे ३६० वेळा केलं की वर्तुळ. आणि १४४ चं वळण पाच वेळा दिलं की पाच टोकांची चांदणी; तिथे कासव पुरते दोन फेरे घेतं. भूमितीचं पुस्तक हातात येण्याआधी हे अंगात भिनलं तर पुढची कितीतरी भीती टळते.

घरी कुणी ठिपक्यांची रांगोळी काढत असेल तर त्यांना मुलाच्या शेजारी बसवा. ठिपके कसे मांडायचे, रेघ कुठून न्यायची, आकृती किती वेळा फिरवायची हे सगळे नियमच असतात. चेन्नईत गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७० च्या दशकात तमिळ घरांसमोरच्या कोलम या रांगोळीचे असेच नियम संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले होते. एक पाकळी काढून ती सहा वेळा ६० अंशांत फिरवली की पडद्यावर रांगोळी उमटते.

आम्हाला स्वतःला प्रोग्रॅमिंग येत नाही. मुलाला काय शिकवणार?

शिकवू नका, शेजारी बसा. न येणाऱ्या पालकाचा एक फायदा असतो: तो खरोखर विचारतो, "हे कसं झालं?" मुलाला समजावून सांगावं लागतं आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच जास्त कळतं. माउस मात्र मुलाच्याच हातात राहू द्या. "थांब, मी दाखवतो" म्हणून आपण तो घेतला की खेळ आपला झाला.

काही चुकलं की मुलगा चिडून टॅबलेट बाजूला टाकतो.

त्या क्षणी दुरुस्ती सांगू नका. आधी विचारा, "तुला काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?" मग ठोकळे एकेक करून सोबत चालवा आणि कुठपर्यंत बरोबर आहे ते शोधा. चूक नेहमी एका विशिष्ट ठिकाणी असते, सगळं वाया गेलेलं नसतं, हे त्याला दोन-चार वेळा दिसलं की चिडणं कमी होतं. तरीही खूपच वैतागला असेल तर जतन करून बंद करा आणि खाली खेळायला पाठवा.

संगणक बिघडवेल अशी भीती वाटते.

कळा दाबून संगणक बिघडत नाही, पाणी सांडून बिघडतो. मुलासाठी वेगळं खातं उघडून द्या, म्हणजे तुमच्या कामाच्या फाइलींना हात लागणार नाही. फोन देणार असाल तर यूपीआयची ॲप कुलूपबंद ठेवा आणि ॲपमधल्या खरेदीला पासवर्ड लावा.

नवीन लॅपटॉप घ्यावा का? रोबोट किट?

जुना, संथ झालेला लॅपटॉप सर्वांत चांगला. त्यावर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घालून टक्स पेंट आणि जीकॉम्प्रिस टाका. जीकॉम्प्रिस हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून अधिक छोट्या खेळांचा मोफत संच आहे. माउस धरण्यापासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यात आहे.

महागड्या किटची घाई करू नका. बरीचशी एकाच ठरावीक मॉडेलची असतात, ते एकदा जमलं की कपाटात जातात. घ्यायचंच असेल तर आठ-नऊ वर्षांपुढे मायक्रोबिट हा चिमुकला संगणक बघा. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना तो मोफत दिला होता. तळहातावर मावणारी ही पाटी. २५ लुकलुकणारे दिवे, दोन बटणं आणि हलवलं की ओळखणारा संवेदक. पाटी हलवली की दिव्यांमध्ये एक ते सहा यांपैकी आकडा दिसेल असा सापशिडीचा फासा मुलं करू शकतात आणि त्याने खरोखर खेळतात.

शेजारच्या मुलीला कोडिंग क्लास लावलाय. आमची मागे पडेल का?

नाही पडणार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचे उपक्रम मधल्या टप्प्यापासून (मिडल स्टेज), म्हणजे सहावी ते आठवीपासून सुचवले आहेत. सहा वर्षांच्या मुलाला घाई नाही, घाई आहे ती जाहिरातीला. क्लास लावायचाच असेल तर एक तास तिथे बसून बघा. सगळ्या मुलांच्या पडद्यांवर एकसारखं चित्र असेल तर तो क्लास टाळा. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळं काहीतरी चाललं असेल, मुलं उठून एकमेकांकडे बघायला जात असतील, तर जरूर लावा.

हे मुलग्यांचंच क्षेत्र ना? मुलीला आवडेल का?

वरची नावं पुन्हा वाचा: सिंथिया सॉलोमन, मरीना बेर्स, रानी सिरोमनी, कमला कृतिवासन. घरात भाऊ-बहीण असतील तर एवढं जरूर पाहा की माउस कायम भावाच्याच हातात नाही.

हल्ली फोनला सांगितलं की तो गोष्ट आणि चित्रं तयार करून देतो. मग हे कष्ट कशाला?

कारण ती गोष्ट फोनची असते. मुलाने स्वतः रचलेल्या काऊ-चिऊमध्ये चिऊला तीन पाय असतील आणि दार उघडायला फार वेळ लागेल, पण ते तसं का आहे हे त्याला ठाऊक असतं आणि हवं तेव्हा ते बदलता येतं. एआयशी गप्पा मारायच्या असतील तर मोठं माणूस शेजारी असावं, आणि या वयात करून घेण्यापेक्षा करून बघण्याला जास्त वेळ मिळावा.

मुलाने केलेलं इंटरनेटवर टाकावं का?

स्क्रॅच ज्युनिअरमध्ये तो प्रश्नच येत नाही, तिथे सार्वजनिक जागा नाही. मोठ्या स्क्रॅचच्या संकेतस्थळावर मुलं आपले प्रकल्प सर्वांना दाखवू शकतात आणि दुसऱ्याचा प्रकल्प उघडून, आतले ठोकळे बघून त्यात बदलही करू शकतात. शिकायला ती फार चांगली जागा आहे. खातं तुमच्या ईमेलवर उघडा. नाव टोपणनाव असू द्या. शाळा, गाव, फोटो, आवाज काही टाकू नका. कुणी काय लिहिलंय ते सुरुवातीला सोबत बसून वाचा. आणि टाकण्याआधी घरातल्यांना एकदा नीट दाखवायला सांगा: मूल पडद्याशेजारी उभं राहील, हिरवा झेंडा दाबेल, आणि बघणाऱ्याने किमान एक प्रश्न विचारायचा.